बी१६-एफ१० पेशींचा दुपटीचा काळ दर वेळी वेगळा का येतो?

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याची एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने उंदराच्या मेलानोमाच्या बी१६-एफ१० पेशी २४ खणांच्या प्लेटमध्ये वाढवून त्यांच्या वाढीचा आलेख काढला. तीन वेळा केलं. दुपटीचा काळ, म्हणजे पेशींची संख्या दुप्पट व्हायला लागणारा वेळ, एकदा १८ तास आला, एकदा २७ आणि एकदा ३०. एमटीटी या रंगाच्या चाचणीचे आकडे आणि प्रत्यक्ष मोजणी यांचा मेळ बसत नाही. पुढे तिला याच पेशींवर भिरंडीच्या (कोकमाच्या) सालीचा अर्क तपासायचा आहे. त्यात पाऊस सुरू झाल्यापासून फ्लास्कमध्ये बुरशी धरते. "पेशीच बिघडल्यात की माझा हात?" असं तिने विचारलं आहे.

बाय, तू लिहिलंयस त्यावरून पेशी बिघडल्यात असं वाटत नाही, आणि हात तर नाहीच. तीन वेळा प्लेट लावायची, रोज मोजायचं आणि आकडे जुळत नाहीत हे जसंच्या तसं लिहून काढायचं, हे ज्याला जमतं त्याचा हात चांगलाच असतो. घोळ दुसरीकडे आहे. दुपटीचा काळ पेशीच्या कपाळावर लिहिलेला असतो असं आपण धरून चालतो, कारण माहितीपत्रकात एकच आकडा छापलेला असतो. खरं तर तो आकडा त्या पेशींचा आणि त्यांच्या मागच्या आठवड्याचा मिळून असतो. फ्लास्क किती दाटला होता, मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) कधी बदललं, कितवा पॅसेज होता, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये टाकल्या होत्या, मीडियममध्ये घालायच्या सीरमची बाटली नवी होती का, आणि आलेखातले कुठले दोन बिंदू धरून तू भागाकार केलास, हे सगळं त्यात येतं.

आधी या शेवटच्या गोष्टीचा हिशेब करू. समजा एका खणात १०,००० पेशी टाकल्या. २४ तासांनी मोजणी आली १०,५००, ४८ तासांनी २५,०००, ७२ तासांनी ६२,०००, ९६ तासांनी १,४०,००० आणि १२० तासांनी १,९०,०००. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण बी१६-एफ१०चं वागणं साधारण याच धाटणीचं असतं. दुपटीचा काळ काढायचा तर मधल्या तासांना ०.६९३ ने गुणायचं आणि शेवटची संख्या भागिले सुरुवातीची संख्या याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने भागायचं. आता ४८ आणि ७२ तासांचे बिंदू घे. उत्तर येतं १८ तास. शून्य आणि ७२ तासांचे घे, उत्तर येतं २७. ७२ आणि १२० तासांचे घे, उत्तर जवळजवळ ३०. तुझे तिन्ही आकडे एकाच प्लेटमधून निघाले! तुझ्या बाबतीत नेमकं हेच झालंय असा माझा दावा नाही, पण वह्या काढून आधी हे तपास. कुठल्या वेळी कुठले बिंदू धरले होतेस ते लिहिलेलं नसेल तर त्या तीन आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

पेशी लावल्यावर पहिला दिवस त्या फारशा वाढत नाहीत. त्यांना तळापासून सोडवायला घातलेल्या ट्रिप्सिन या विकराने त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापलेली असतात, तळाला चिकटून पुन्हा पसरायला त्यांना वेळ लागतो. लावणी केलेला तरवा आधी पिवळा पडतो आणि मग मूळ धरतो, तसंच. हा काळ दुपटीच्या हिशेबात धरायचा नाही, पण तो किती तासांचा होता हे वेगळं नोंदवायचं. तो लांबला तर आधीच्या फ्लास्कचं काहीतरी चुकलंय असं समज. वरच्या टोकाला, जागा भरल्यावर, वाढ पुन्हा मंदावते. मेलानोमाच्या पेशी शेजाऱ्याला टेकल्या म्हणून थांबत नाहीत, एकमेकींवर चढतात. त्यांना थांबवतं ते संपलेलं ग्लुकोज-ग्लुटामिन आणि साचलेलं लॅक्टिक आम्ल. म्हणून मीडियम रोज बदललंस तर पठार, म्हणजे आलेखाचा वरचा सपाट भाग, उशिरा येतं आणि अजिबात बदललं नाहीस तर लवकर. एका प्लेटला बदललं आणि दुसऱ्या प्लेटला नाही, असं मात्र करू नकोस. सेमीलॉग कागदावर, म्हणजे ज्यावर पेशींच्या संख्येची बाजू लॉगॅरिदमची असते त्यावर, सगळे बिंदू मांड, सरळ रेषेत येणारा भाग डोळ्यांनी शोध, त्यातले निदान तीन बिंदू घे आणि त्यांच्या उतारावरून काळ काढ. वरच्या उदाहरणात २४ ते ९६ तासांच्या भागातून तो १९ तासांच्या आसपास येतो, आणि तोच लिहायचा.

आता मोजणीकडे येते. माझ्या मते तुझी खरी गळती इथे आहे. २४ खणांच्या प्लेटमधल्या एका खणाचा तळ सुमारे १.९ चौरस सेंटिमीटर. पहिल्या दिवशी त्यात १०,५०० पेशी आहेत आणि त्या तू अर्ध्या मिलिलिटरमध्ये काढल्यास असं धरू. म्हणजे मिलिलिटरला २१,०००. मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपॅन ब्लू समभाग घातला की उरल्या १०,५००. पेशी मोजायच्या काचेच्या न्यूबॉअर चेंबरचा मोठा चौकोन १ मिलिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर खोल असतो, म्हणजे मिलिलिटरचा दहा हजारावा भाग. त्या चौकोनात तुला सरासरी एक पेशी दिसणार. चार कोपरे मोजले की चार पेशी! मोजणीतली निव्वळ योगायोगाची चूक साधारण संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. चारला दोन, म्हणजे पन्नास टक्के. त्या आकड्याला दहा हजाराने गुणून वहीत लिहिलं की तो भारदस्त दिसतो, पण त्याच्या मुळाशी चारच पेशी असतात. चेंबरमध्ये निदान दोनशे पेशी मोजल्याशिवाय त्या दिवसाचा बिंदू आलेखावर मांडू नये. दोनशेला चूक सात टक्क्यांवर येते, आणि तेवढी चालते.

यावर उपाय सोपा आहे. प्लेट ६ खणांची घे. तिथे एका खणाचा तळ सुमारे ९.५ चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे तेवढ्याच दाटीला ५०,००० पेशी लागतील. पहिल्या दिवशीचे दोन-दोन खण एकत्र करून सेंट्रिफ्यूज कर आणि २०० मायक्रोलिटरमध्ये पेशी पुन्हा मोकळ्या कर. मग ट्रिपॅन ब्लू घातल्यावरही चौकोनात पंचवीसेक पेशी दिसतील, आणि चेंबरच्या दोन्ही बाजूंचे आठ चौकोन मोजले की दोनशेच्या वर जाशील. असे तीन जोड हवेत. सेंट्रिफ्यूजमध्ये थोड्या पेशी हरवतात, म्हणून पुढच्या दिवशी गरज नसली तरी तीच पद्धत ठेव.

सूक्ष्मदर्शकाखालीही बी१६चं एक खास आहे. या पेशी मेलॅनिन बनवतात. मेलेली पेशी ट्रिपॅन ब्लूने आतून सरसकट निळी होते. मेलॅनिन असलेली जिवंत पेशी तपकिरी-काळ्या बारीक ठिपक्यांनी भरलेली दिसते, तिची कडा चकचकीत असते आणि ठिपक्यांच्या मधली जागा स्वच्छ असते. घाईत मोजणारा दोन्हींना मृत म्हणतो. फोकस किंचित वर-खाली केलंस की फरक लगेच कळतो. आणि डाय घातल्यावर पाचेक मिनिटांत मोजून टाक; जास्त वेळ ठेवलं तर चांगल्या पेशीही निळ्या पडायला लागतात.

प्लेट लावताना सवयीने ती गोल फिरवतेस का? फिरवत असशील तर सोड. गोल फिरवल्याने पेशी खणाच्या मधोमध गोळा होतात, तिथे दाटी होते, कडेला मोकळं राहतं, आणि एकाच खणात दोन वेगवेगळे आलेख चालू होतात. प्लेट आधी पुढे-मागे आणि मग डावीकडे-उजवीकडे हळू सरकवायची, हूडमध्येच दहा-पंधरा मिनिटं सपाट राहू द्यायची आणि मग इन्क्युबेटरमध्ये न्यायची. पिपेटमध्ये पेशी तळाला बसतात, म्हणून दर तीन-चार खणांनंतर नळी पुन्हा हलव. नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या खणात सुरुवातीलाच मोठा फरक पडतो.

आता मागच्या आठवड्याचा मुद्दा. बी१६-एफ१० फ्लास्क भरून काळा पडेपर्यंत ठेवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, शुक्रवारी भरला तर "सोमवारी बघू" म्हणून. त्या सोमवारच्या पेशी प्रयोगाला घेऊ नकोस. त्या उपाशी, आम्लात बसलेल्या आणि रंगाने भरलेल्या असतात, आणि नव्या प्लेटमध्ये त्यांना सावरायला दीड-दोन दिवस लागू शकतात. प्रयोगाच्या आधी निदान दोन पॅसेज नियमित करून, सत्तर-ऐंशी टक्के भरलेल्या फ्लास्कमधूनच पेशी घे. त्या तळापासून सहज सुटतात. ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए घालून मिनिटभर बस, नजर फ्लास्कवरून हलवू नकोस. जास्त वेळ ठेवलं तर काही पेशी फुटतात, त्यांचा डीएनए चिकट होतो आणि गोळे बनतात, मग मोजणी विसरायची. त्याआधी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) नीट धू, कारण सीरमचा अंश राहिला तर ट्रिप्सिन काम करत नाही.

फार विरळ लावण्याचाही त्रास होतो. यामागे एक सुंदर जुनं काम आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये कॅथरीन सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या एल नावाच्या पेशींपैकी एक एकटी पेशी वाढवून तिची वसाहत केली. आजची एल-९२९ ती हीच. भरपूर ताज्या मीडियममध्ये एकटी पेशी वाढत नव्हती. त्यांनी तिला बारीक केशनळीत ठेवलं, म्हणजे तिच्याभोवतीच्या थेंबभर द्रवात तिनेच सोडलेले पदार्थ साचतील आणि ती तग धरेल. पेशी स्वतःभोवतीचं मीडियम स्वतः घडवतात. तू खणात १०,००० ऐवजी १,००० टाकल्यास तर पहिला मंद काळ लांबेल, आणि त्याचा दोष पेशींचा नसेल. म्हणून दाटी पेशी प्रति चौरस सेंटिमीटर अशी लिही, नुसती प्रति खण नको.

मीडियमबद्दल दोन गोष्टी. डीएमईएम या मीडियममध्ये टायरोसिन हे अमिनो आम्ल आरपीएमआय १६४० या दुसऱ्या मीडियमपेक्षा बरंच जास्त असतं, आणि मेलॅनिन टायरोसिनपासून बनतं. त्यामुळे त्याच पेशी डीएमईएममध्ये जास्त काळ्या होतात. दोन्ही मीडियम आलटून-पालटून वापरली असशील तर ते एक कारण धर. दुसरं, नेहमीच्या डीएमईएममध्ये लिटरला ३.७ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं, आरपीएमआयमध्ये २ ग्रॅम. पाच टक्के कार्बन डायऑक्साइडला आरपीएमआयचा पीएच नीट बसतो, डीएमईएम मात्र थोडं अल्कधर्मी राहतं. पेशी त्यातही वाढतात. पण सिलिंडर संपत आला असेल तर डीएमईएम आधी गुलाबी-जांभळं होऊन ते सांगतं. रोज सकाळी दार उघडल्यावर रंगाकडे बघ.

एमटीटीचं आता सांगते. १९८३ मध्ये मोसमान यांनी ही चाचणी मांडली तेव्हापासून ती प्रत्येक प्रयोगशाळेत आहे, कारण सोपी आहे. पण ती पेशी मोजत नाही. जिवंत पेशींच्या चयापचयाने पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्माझान किती झालं, ते मोजते. खूप खाणाऱ्या थोड्या पेशी आणि अर्धपोटी बऱ्याच पेशी सारखाच आकडा देऊ शकतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तुझी मोजणी वर गेली आणि एमटीटी सपाट राहिली, तर त्यात विसंगती काहीच नाही. वर बी१६चं मेलॅनिन स्वतःच प्रकाश शोषतं, ५७० नॅनोमीटरलाही. म्हणून प्रत्येक दिवसासाठी पेशी आहेत पण एमटीटी घातलेलं नाही असे काही खण ठेव, फॉर्माझान विरघळवणारं डीएमएसओ त्यांनाही घाल आणि तेवढं शोषण वजा कर. हे न करता काढलेला बी१६चा एमटीटी आलेख मी तरी ग्राह्य धरणार नाही.

भिरंडीच्या अर्कासाठी तर याहून जास्त सावध राहावं लागेल. सालीत अँथोसायनिनचा लाल रंग आहे, गार्सिनॉल आहे, आणि आंबटपणा देणारं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल भरपूर आहे. असे अँटिऑक्सिडंट पदार्थ पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात. मग अर्काने पेशी मेल्या तरी चाचणी म्हणेल की त्या मजेत आहेत. अर्क, मीडियम आणि एमटीटी, पेशी अजिबात नाहीत, असे खण प्रत्येक मात्रेसाठी लाव. शक्य असेल तर एमटीटी घालण्याआधी अर्काचं मीडियम काढून पीबीएसने धू. आम्लाची गोष्ट तर उघड्या डोळ्यांनी दिसते. अर्क घातल्यावर मीडियम पिवळं पडलं तर पेशी भिरंडीने नाही, आंबटपणाने मेल्या; चिंच किंवा लिंबू घातलं असतं तरी मेल्या असत्या. अर्काचा पीएच ७.४ वर आण, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ, मग घाल. गोव्यात स्थानिक वनस्पतींवर काम करणारी इतकी हुशार मुलं आहेत, आणि त्यांच्या प्रबंधात हे एक नियंत्रण नसल्यामुळे चांगलं काम वाया जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बुरशीबद्दल. मिरगाचा पाऊस लागला की आपल्याकडे चपलांनाही बुरशी येते, तर प्रयोगशाळा सुटेल कशी. बीजाणू बहुधा तीन वाटांनी येतात: एसीच्या फिल्टरमधून, पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून आणि इन्क्युबेटरच्या पाण्याच्या तबकातून. जूनच्या आधी एसी उघडून धुवून घ्यायला लाव. पुठ्ठा कल्चर खोलीत येऊच देऊ नकोस, पिपेट आणि प्लेटची खोकी बाहेरच फोड. तबकात निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी दर आठवड्याला बदल. आणि ओली छत्री, ओला रेनकोट खोलीच्या दाराबाहेर राहू दे. बुरशी धरलेला फ्लास्क झाकण उघडून "कुठली आहे बघू" करायचा नाही, थेट ऑटोक्लेव्हला पाठवायचा. अँफोटेरिसिन हे बुरशीनाशक कायम घालत राहू नकोस. ते पेशींनाही थोडं लागतं आणि तुझ्या वाढीच्या आकड्यात नकळत शिरतं. पहिल्या पावसात वीज जाते-येते, तेव्हा इन्क्युबेटरचं तापमान किती उतरलं हे वहीत लिही. रात्रभर गार पडलेल्या प्लेटचा त्या दिवसाचा बिंदू वापरू नये.

बुरशी निदान दिसते. मला जास्त भीती मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची आहे. मीडियम गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त वाढ मंदावते आणि एमटीटी वेडीवाकडी येते. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन लागू पडत नाही, आणि ते इतकं लहान असतं की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही जाऊ शकतं. तुझा तिसरा आकडा, ३० तासांचा, हिशेबाची पद्धत सुधारूनही ३०च राहिला तर सगळ्यात आधी मायकोप्लाझ्माची पीसीआर, म्हणजे त्याचा डीएनए शोधणारी चाचणी, कर. डीएपीआय या डीएनए रंगवणाऱ्या रंगाने रंगवून केंद्रकाबाहेर निळे ठिपके दिसतात का हेही बघता येतं, पण नवख्याला ते फसवू शकतात. सापडलं तर औषधं घालून वाचवण्याच्या मागे लागू नकोस. फ्लास्क टाक आणि जुनी व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींची कुपी, काढ.

जुनी व्हायल असायला हवी, हे मात्र आजच बघ. बी१६चा मूळ ट्यूमर १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत सी५७बीएल/६ जातीच्या उंदरात आपोआप उद्भवला. आयझाया फिडलर यांनी त्या पेशी उंदराच्या शिरेत टोचून, फुफ्फुसात रुजलेल्या पेशी काढून, पुन्हा टोचून, असं दहादा केलं. १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि एफ१० मधला दहा तिथून आला. निवडून घडवलेली ओळ आहे ही, आणि प्लास्टिकवर महिनोन्महिने वाढवत राहिलं की निवड दुसऱ्याच दिशेने होते. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संग्रहातून आलेल्या पेशी पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच गोठवून ठेवायच्या, दहा टक्के डीएमएसओ घालून, मिनिटाला एक अंशाच्या गतीने गार करत, आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या फ्लास्कवर पॅसेज क्रमांक नसेल तर त्यावर प्रबंध उभा करू नकोस.

आपल्याकडची परंपराही याच शिस्तीवर उभी आहे. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे बॉल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं हे तंत्र शिकून परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनकर्करोगावर त्यांनी आयुष्य घातलं. तुझ्या वयाच्या मुलींना त्यांचं नाव माहीत असावं असं मला वाटतं.

आता पुढचा क्रम. एकाच व्हायलपासून, लागोपाठच्या पॅसेजमधून तीन प्लेट लाव. मीडियम एकच आणि सीरमची बाटलीही एकच. तिन्हींत सरळ रेषेचा भाग साधारण त्याच तासांना आला आणि दुपटीचा काळ एकमेकांच्या दोनेक तासांत राहिला, की मग भिरंड. अर्क पेशी लावताना घालू नकोस; तेव्हा घातलास तर पेशी वाढल्या नाहीत की चिकटल्याच नाहीत हे कळणार नाही. २४ तासांनी, त्या पसरून वाढीला लागल्यावर घाल आणि ७२ तासांना वाच, म्हणजे पठार यायच्या आत. काही मात्रांना चेंबरमध्ये मोजूनही बघ, नुसत्या एमटीटीवर राहू नकोस. शेजारी उंदराच्याच एनआयएच-३टी३ फायब्रोब्लास्टवर तोच अर्क त्याच मात्रेत लाव, कारण दोन्हींना सारखाच मारत असेल तर तो अर्क कर्करोगविरोधी म्हणता येणार नाही. पहिल्या तीन प्लेटचे कच्चे आकडे, चौकोनागणिक, पाठव. सरासरी काढून पाठवू नकोस, मला चौकोनच बघायचे आहेत.